सहीने आले, सहीने गेले

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमधल्या एका बंदिस्त क्रीडागृहात व्यासपीठावर छोटेसे टेबल मांडण्यात आले होते. समोर हजारो समर्थक. एकेक कागद पुढे येत होता. अध्यक्ष त्यावर जाड टोकाच्या पेनाने सही करीत, कागद उंच धरून लोकांना दाखवीत आणि लोक टाळ्या-शिट्ट्यांनी सभागृह दणाणून सोडीत. सह्या आटोपल्यावर त्यांनी ती पेनेही गर्दीत भिरकावली. मग व्हाइट हाऊसमध्ये जाऊन आणखी सह्या झाल्या. पहिल्या दिवसाच्या अध्यक्षीय आदेशांची बेरीज झाली २६. त्यातल्या एकाच आदेशाने आधीचे अध्यक्ष जो बायडेन यांचे ७८ आदेश आणि ज्ञापने रद्द केली. या गृहस्थांनी पहिल्या कारकिर्दीच्या चार वर्षांत २२० आदेश काढले होते. दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षातच ते दोनशेच्या पुढे गेले.

रविवारच्या चहाबरोबर हे का वाचायचे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्या अनेक घरांत मिळेल. पहिल्या दिवशीच्या २६ आदेशांत एक आदेश जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा होता. आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या परवान्यावर असेल, आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला यापुढे नागरिक मानू नये, असे त्यात म्हटले होते. एच-१बी व्हिसावर तिकडे गेलेली आपली कितीतरी तरुण जोडपी या व्याख्येत बसत होती. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, शुक्रवारी, एक घोषणापत्र निघाले: एच-१बीसाठी एक लाख डॉलर शुल्क, अंमल रविवारच्या पहाटेपासून. काही मोठ्या कंपन्यांनी परदेशी गेलेल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब परतण्याचा निरोप धाडला. माझ्या परिचयातल्या एका घरात दोन दिवसांवर आलेली घटस्थापना बाजूला ठेवून सुट्टीवर आलेल्या मुलाची बॅग भरणे चालू होते. शुल्क नव्या अर्जांनाच लागू आहे, हा खुलासा शनिवारी आला. तोवर कित्येकांनी मिळेल त्या भावाने तिकिटे काढली होती. त्याआधी ऑगस्टमध्ये आणखी एका आदेशाने बऱ्याच भारतीय मालावरचा आयात कर ५० टक्क्यांवर नेऊन ठेवला होता.

या तिन्ही निर्णयांसाठी अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मतदान झाले नव्हते. एका माणसाने सही केली, एवढेच घडले होते. ही सही इतकी ताकदवान कशी झाली आणि तिची खरी किंमत काय, याचा विचार करायला ट्रम्प यांचे निमित्त पुरेसे आहे. पण हा प्रश्न त्यांच्यापुरता नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घटनेत नसलेला शब्द

अमेरिकेची राज्यघटना कितीही चाळली तरी 'अध्यक्षीय आदेश' हा शब्दप्रयोग सापडत नाही. कार्यकारी अधिकार अध्यक्षाकडे राहतील आणि कायद्यांची अंमलबजावणी निष्ठेने होते की नाही हे त्याने पाहावे, एवढेच तिथे लिहिले आहे. आता अंमलबजावणी करायची म्हणजे हाताखालच्या खात्यांना सूचना देणे आले. कचेरीतला साहेबही परिपत्रक काढतोच. तेव्हा पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासून सर्वांनी असे कागद काढले. वॉशिंग्टन यांचे आठ मोजले जातात. १८४१ मध्ये महिनाभरात निधन पावलेले विल्यम हेन्री हॅरिसन सोडले तर कोणीही या मोहातून सुटलेले नाही. बारा वर्षे सत्तेवर असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आदेश साडेतीन हजारांवर जातात. आदेश, घोषणापत्र, ज्ञापन अशी नावे वेगवेगळी असली तरी कुळ एकच.

या कागदांची नोंद ठेवावी, हेसुद्धा बरेच उशिरा सुचले. १९०७ च्या सुमारास परराष्ट्र खात्याने त्यांना क्रमांक द्यायला घेतले, तेव्हा मागे जात जात अब्राहम लिंकन यांच्या १८६२ च्या एका आदेशाला पहिला क्रमांक देऊन टाकला. त्याआधीचे बेवारस राहिले. पुढे १९३४ मध्ये एक मासलेवाईक प्रकार घडला. खनिज तेलाच्या उत्पादनावर मर्यादा घालणारे नियम मोडले म्हणून टेक्सासमधल्या लोकांवर सरकारने खटले भरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. तिथे उघड झाले की, ज्या कलमाखाली हे सारे चालले होते ते कलम मागच्या वर्षीच्या एका दुरुस्ती आदेशात चुकून गळालेच होते! सरकारी वकिलांना पत्ता नव्हता, खालच्या न्यायालयांना नव्हता आणि ज्यांच्यावर खटले भरले त्यांनाही नव्हता. नियमांची आपण पाहिलेली एकमेव प्रत वॉशिंग्टनहून आलेल्या सरकारी माणसाच्या मागच्या खिशात होती, असे तेलवाल्यांच्या वकिलाने न्यायमूर्तींना सांगितले. या फजितीनंतर १९३५ मध्ये कायदा झाला आणि मार्च १९३६ पासून असे आदेश सरकारी राजपत्रात छापले जाऊ लागले.

कायदा करताना हा प्रकार सहसा घडत नाही. विधेयकाच्या प्रती वाटल्या जातात, विरोधक त्यातली चूक शोधायला टपलेले असतात, वर्तमानपत्रे ओरडतात. कायदा होताना जो गोंगाट होतो, तोच त्याचे संरक्षण करतो. सहीचा कागद मात्र बंद खोलीत जन्माला येतो.

एकाच हाताच्या दोन सह्या

या अधिकाराचे दोन्ही चेहरे पाहायचे असतील तर रूझवेल्ट यांच्या दोन आदेशांकडे पाहावे. दोहोंमध्ये आठ महिन्यांचे अंतर आहे.

पहिला २५ जून १९४१ चा, क्रमांक ८८०२. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामगार हवे होते, पण काळ्या माणसाला दारातूनच परत पाठवले जात होते. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा आणण्याचा इशारा दिला. काँग्रेसमध्ये दक्षिणेकडच्या गोऱ्या सभासदांचे प्राबल्य असल्याने तिथून काही होणे नव्हते. अखेर रूझवेल्ट यांनी सही केली आणि संरक्षण उद्योगांत वंश, धर्म, वर्ण यांवरून भेदभाव करण्यास मनाई झाली. मोर्चा मागे घेण्यात आला.

दुसरा १९ फेब्रुवारी १९४२ चा, क्रमांक ९०६६. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला अडीच महिने झाले होते. लष्करी अधिकारी ठरवतील त्या भागातून कोणाही व्यक्तीला हलवता येईल, अशा अर्थाचा तो आदेश. त्यात 'जपानी' हा शब्दसुद्धा नव्हता. पण त्याच्या आधाराने पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरादारातून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. उचलता येईल तेवढेच सामान बरोबर घेण्याची मुभा होती. छावण्या तयार होईपर्यंत काही कुटुंबांनी शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत दिवस काढले. काँग्रेसने महिनाभरातच, फारशी चर्चा न करता, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा करून आपला हात लावला. १९४४ मध्ये फ्रेड कोरेमात्सू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारचीच बाजू घेतली. तो आदेश संपुष्टात आल्याची औपचारिक घोषणा जेराल्ड फोर्ड यांनी केली १९७६ मध्ये, तर काँग्रेसने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर देऊ केले १९८८ मध्ये. तोवर कित्येकांच्या आयुष्याचा हिशेब कायमचा मिटला होता.

हात एकच, अधिकार एकच. पहिल्या सहीला आपण टाळ्या वाजवतो आणि दुसरीला नावे ठेवतो. परंतु पहिलीच्या वेळी 'काँग्रेस कशाला हवी, अध्यक्षच समर्थ आहेत' असे म्हणणाऱ्याला दुसरीच्या वेळी तोंड उघडायला जागा उरत नाही. माझ्या मते या विषयाचे मर्म इथे आहे.

मग थांबायचे का?

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. अन्याय डोळ्यांसमोर चालू असताना, संसद गप्प बसली असताना, समर्थ माणसाने हात बांधून राहावे काय? हॅरी ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला. वर्णभेद पाळणारी पलटणींची रचना त्यामुळे मोडीत निघू लागली. ते काँग्रेसची वाट पाहत बसले असते तर नागरी हक्कांचा मोठा कायदा व्हायला १९६४ साल उजाडले. तोवर त्या जवानांनी वेगळ्या पंगतीतच जेवायचे होते का?

मुळीच नाही. पण हा प्रश्न लिंकन यांनी ज्या रीतीने सोडवला ती पाहण्यासारखी आहे. १ जानेवारी १८६३ चे त्यांचे गुलामांच्या मुक्तीचे घोषणापत्र म्हणजे अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत थोर अध्यक्षीय सही. ती त्यांनी सेनापती या नात्याने, युद्धातला उपाय म्हणून केली होती. ती लागू होती फक्त बंडखोर भागांना. अमेरिकेच्या बाजूने राहिलेल्या राज्यांतले गुलाम गुलामच राहिले. युद्ध संपले की या कागदाची किंमत काय, न्यायालयात तो टिकेल का, ही शंका वकील असलेल्या लिंकन यांना पुरेपूर होती. म्हणून त्यांनी घटनादुरुस्तीचा ध्यास घेतला. एकेक मत मिनतवारीने जमवले. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहाने तेरावी घटनादुरुस्ती संमत केली. एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. डिसेंबरमध्ये पुरेशा राज्यांनी मान्यता देऊन ती घटनेचा भाग झाली. सही करणारा गेला, तरी मुक्ती राहिली. कारण ती आता त्याच्या सहीवर अवलंबून नव्हती.

आदेश हे पहिले पाऊल असू शकते. त्यालाच मुक्काम समजले की घोटाळा होतो.

पोलादाचा धडा

अध्यक्षाने कुठवर जावे, याचे उत्तर न्यायालयाने १९५२ मध्ये दिले. कोरियाचे युद्ध चालू होते. पोलाद कामगार संपावर जाणार होते. ट्रुमन यांनी ८ एप्रिलला आदेश काढून देशभरच्या पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. संपाच्या वेळी काय करायचे याचा काँग्रेसने केलेला कायदा त्यांना पसंत नव्हता, म्हणून तो त्यांनी वापरला नाही. २ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश बेकायदा ठरवला. ट्रुमन यांनी निकाल मानला, गिरण्या मालकांना परत गेल्या, संप झाला आणि तो ५३ दिवस चालला. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी नंतर ट्रुमन यांना आपल्या घरी मेजवानीला बोलावले आणि ट्रुमन गेलेही. हा दिलदारपणा आता परीकथेतला वाटतो.

त्या खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलेले स्वतंत्र मत आजही आधाराला घेतले जाते. त्याचा आशय आपल्या एकत्र कुटुंबाच्या भाषेत असा सांगता येईल. घरातल्या सर्वांनी होकार दिलेला खर्च कर्त्याने केला तर त्याचे पारडे सर्वांत जड. कोणी काहीच बोललेले नसताना केला तर तो संधिप्रकाशातला व्यवहार. परिस्थिती पाहून ठरवावे लागेल. आणि सर्वांनी 'नको' म्हटलेले असताना केला, तर कर्त्याची बाजू सर्वांत लंगडी.

पण न्यायालय हा शेवटचा उंबरठा आहे, पहिला नव्हे. नागरिकत्वाच्या आदेशाला सिअॅटलच्या न्यायाधीशांनी अवघ्या तीन दिवसांत रोखले. मात्र वाद तिथे मिटला नाही, तो पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने कोरेमात्सू प्रकरणातला निकाल साफ चुकीचा होता असे लिहिले, आणि ते लिहिले त्याच निकालपत्रात ट्रम्प यांची काही देशांवरची, प्रामुख्याने मुस्लिम देशांवरची, प्रवेशबंदी वैध ठरवली. न्यायमूर्तींच्या भरवशावर संसदेने झोप काढावी, असा धीर मला तरी होत नाही.

संगीत खुर्ची

सहीचा दुसरा दोष अधिक घरगुती आहे. ती टिकत नाही. गरीब देशांतल्या ज्या संस्था गर्भपाताची सेवा किंवा सल्ला देतात त्यांना कुटुंबनियोजनासाठी अमेरिकेची मदत मिळू नये, असे धोरण रोनाल्ड रेगन यांनी १९८४ मध्ये आणले. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये ते रद्द केले. धाकट्या बुश यांनी २००१ मध्ये परत आणले, ओबामांनी २००९ मध्ये काढले, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये आणले, बायडेन यांनी २०२१ मध्ये काढले आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा आणले. बहुतेक वेळा हे शपथविधीनंतरच्या आठवड्याभरात, एका सहीने. धोरणाविषयी कोणाचे मत काहीही असो. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या दवाखान्याने परिचारिका नेमायची की काढायची, हे दर चार-आठ वर्षांनी वॉशिंग्टनमधल्या संगीत खुर्चीवर ठरावे, याला कारभार म्हणत नाहीत.

याहून बोलके उदाहरण लिंडन जॉन्सन यांचे. त्यांच्या खात्यावर एक कायदा आहे आणि एक आदेश. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये विरोधकांनी ६० दिवस बोलबोलून अडवून धरला होता. अखेर ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवावी लागली. २ जुलैला कायदा झाला. पुढच्या वर्षी २४ सप्टेंबरला जॉन्सन यांनी आदेश क्रमांक ११२४६ काढला: सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी भेदभाव करू नये, इतकेच नव्हे तर समान संधीसाठी सक्रिय पावले उचलावीत. हा आदेश चिवट निघाला. रेगन यांच्या काही सहकाऱ्यांनी तो मोडीत काढण्याचा आग्रह धरला होता, तरी तो वाचला. जवळजवळ ६० वर्षे टिकला. २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी एका सहीने तो पुसून टाकला.

१९६४ चा कायदा मात्र सहीने पुसता आला नाही. तो दुबळा करण्याचे इतर मार्ग असतील. पण तो रद्द करायचा तर दोन्ही सभागृहांत जाऊन, नावानिशी हात वर करून, 'आम्हाला हा नको' असे म्हणावे लागेल. त्या ६० दिवसांच्या कटकटीने कायद्याला जे बळ दिले, ते साठ वर्षांच्या वहिवाटीने आदेशाला दिले नाही.

मग काँग्रेस आपले काम का करीत नाही? कारण न करणे सोयीचे आहे. मत दिले की मतदार जाब विचारतात. अध्यक्षाने परस्पर निर्णय घेतला की त्याच्या पक्षाला टाळ्या वाजवता येतात, विरोधी पक्षाला ओरडता येते आणि दोघांच्याही अंगाला काही लागत नाही. आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा १९७७ चा कायदा काँग्रेसनेच करून ठेवला. त्याचाच आधार घेऊन २०२५ मध्ये कर लादले गेले. आदेश उलटवायचा म्हटले तर अध्यक्ष नकाराधिकार वापरणार, आणि तो ओलांडायला दोन तृतीयांश मते हवीत. किल्ली एकदा दिली की परत मिळवणे असे अवघड असते.

आपल्या अंगणात

हे वाचताना आपल्याकडचा वटहुकूम कोणाला आठवला असेल, तर ते स्वाभाविक आहे. फरक इतकाच की आपल्या घटनाकारांनी त्याला कलम १२३ आणि २१३ मध्ये नाव दिले आणि आयुष्याची दोरीही आखून दिली. संसद किंवा विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत संमती मिळाली नाही, तर वटहुकूम आपोआप मरतो. अमेरिकी आदेश कोणी मारीपर्यंत जगतो. तरीही पळवाट निघालीच. मेलेला वटहुकूम तसाच्या तसा पुन्हा काढायचा! पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चिकाटीने धुंडाळली, तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाल्याचे आणि त्यांतले कित्येक पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवल्याचे दिसले. एक तर तेरा वर्षांहून अधिक काळ चालला होता. या अभ्यासकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने हा घटनेशी केलेला कपटव्यवहार असल्याचे सांगितले आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्चही देवविला. ना निवडणूक, ना मोर्चा. एका प्राध्यापकाने राजपत्रे वाचली, एवढ्यावर हे झाले.

वाचकांना मी एवढेच सुचवीन. कोणताही झटपट निर्णय आपल्याला मनापासून आवडला, मग तो वॉशिंग्टनचा असो, दिल्लीचा असो की मुंबईचा, तर तो अधिकार आपल्याला सर्वांत नकोशा वाटणाऱ्या पुढाऱ्याच्या हातात कल्पून पाहावा. तरीही तो योग्य वाटला तर खुशाल टाळ्या वाजवाव्यात. नाही वाटला, तर आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावे की हा निर्णय सभागृहात मांडून, चर्चा करून, मत देऊन का घेतला नाही. उत्तराला वेळ लागेल. कायद्यालाही लागतो.